नकाशा कुणाला दाखवायचा?



गेल्या दिवाळीत मी इंदूरला दादाकडे होतो. दादा घर बांधतोय. पाडव्याच्या दिवशी दुपारी जेवणं झाली आणि त्याने नव्या घराचा नकाशा टेबलावर पसरला. मग काय, सगळे पुढे सरसावले. काका म्हणाले, दार पूर्वेला हवं. मेव्हणे म्हणाले, पार्किंगला जागा कमी पडेल. मी म्हणालो, हॉलला मोठी खिडकी घे. तासभर चर्चा चालली. त्या तासात वहिनी दोनदा चहा घेऊन आल्या, रिकामे कप घेऊन गेल्या आणि नकाशाकडे एक नजर टाकून आत वळल्या. स्वयंपाकघराच्या चौकटीत 'आठ बाय दहा' एवढंच लिहिलं होतं. त्यावर कुणीच बोललं नाही.

परत येताना गाडीत माझ्या मनात एक प्रश्न घोळत राहिला. घराचा नकाशा आपण दहा जणांना दाखवतो. पण ज्या खोलीत घरातलं कुणीतरी रोज चार-पाच तास उभं राहणार, त्या खोलीबद्दल त्या माणसाला विचारायची पद्धत कधी सुरू झाली? आणि विचारल्यावर काय झालं? आजच्या भागात त्याचाच इतिहास बघूया.

सुरुवात अमेरिकेपासून करू. कॅथरिन बीचर नावाच्या एक शिक्षिका होत्या. 'अंकल टॉम्स केबिन' लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो या त्यांच्या धाकट्या बहीण. १८६९ साली या दोघींनी मिळून घर कसं असावं यावर एक पुस्तक काढलं आणि त्यात स्वयंपाकघराचा चक्क आराखडा दिला. कॅथरिनबाईंनी उदाहरण घेतलं ते आगबोटीवरच्या स्वयंपाकघराचं. तिथे इवल्याशा जागेत शेकडो माणसांचं रांधलं जातं, कारण प्रत्येक वस्तू हाताशी असते. मग घरातल्या बाईने पिठासाठी एका टोकाला आणि पाण्यासाठी दुसऱ्या टोकाला का जावं? त्यांनी खिडकीखाली सलग ओटा दाखवला, पिठाचा डबा त्याच्या पोटात बसवला, भांडी घासायची जागा शेजारीच ठेवली. स्वयंपाकघर ही विचार करून आखायची खोली आहे, हे त्यांनी कागदावर मांडून दाखवलं.

पुढचा टप्पा १९१२ चा. तो काळ फ्रेडरिक टेलर यांचा. कारखान्यात कामगार किती वेळा वाकतो, किती पावलं चालतो हे घड्याळ लावून मोजण्याची लाट आली होती. क्रिस्टीन फ्रेडरिक या गृहिणीने तेच मोजमाप घरात आणलं. भांडी घासताना आपल्या ऐंशी हालचाली फुकट जातात, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी दोन स्वयंपाकघरांचे नकाशे शेजारी शेजारी छापले आणि एक जेवण रांधताना बाई कुठून कुठे जाते त्याच्या रेघा ओढल्या. वाईट मांडणीत रेघांचं जाळं झालं होतं. चांगल्या मांडणीत रेघा एका ओळीत, आखूड होत्या. या युक्तीकडे आपण शेवटी परत येऊ. ती आजही फुकटात वापरता येते.

पण मंडळी, इथवर दोन्ही वेळा एका बाईने स्वतःच्या अनुभवावरून सांगितलं. अनेक बायकांना सरकारने नकाशे दाखवून मत विचारलं, असा एक लक्षात राहण्याजोगा प्रसंग ब्रिटनमध्ये घडला. साल १९१८. पहिलं महायुद्ध संपत आलेलं. परतणाऱ्या सैनिकांसाठी लाखो घरं बांधायची होती. पुनर्रचना खात्याने लेडी एमॉट यांच्या अध्यक्षतेखाली बायकांची एक उपसमिती नेमली. काम असं की, सरकारने बांधलेली घरं बघायची, नकाशे तपासायचे आणि ती राहायला कशी आहेत हे गृहिणीच्या नजरेतून सांगायचं.

समितीने कामगार वस्त्यांतल्या बायकांचं म्हणणं ऐकलं. अधिकाऱ्यांची अपेक्षा होती की बायका चूल, मोरी, फडताळ यांवर बोलतील. त्या बोलल्याच. गरम पाण्याची सोय हवी, न्हाणीघर स्वयंपाकघरात नको, स्वतंत्र हवं, असं त्यांनी सांगितलं. पण त्यांचा मोठा आग्रह वेगळाच होता. त्यांना बाहेरची एक स्वतंत्र खोली हवी होती. जाणकारांना ही चैन वाटायची. रविवारपुरती वापरायची खोली, तिच्यावर पैसा कशाला? बायकांचं उत्तर सरळ होतं. सगळं एकाच खोलीत चाललं तर मूल अभ्यास कुठे करणार? आजारी माणूस कुठे पडणार? आलेल्या माणसाला वाळत घातलेल्या कपड्यांखाली बसवायचं का?

त्यांच्या कित्येक सूचना महाग म्हणून मागे पडल्या. पण एक गोष्ट नोंदली गेली. स्वयंपाकघराबद्दल विचारलं, तर बाई सबंध घराच्या दिवसाबद्दल बोलते. तिच्या लेखी ती खोली वेगळी नसतेच.

आता या इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं स्वयंपाकघर. जर्मनीतलं फ्रँकफर्ट शहर, १९२६. घरांची भयंकर टंचाई होती. शहराचे नियोजनप्रमुख एर्न्स्ट माय हजारो घरं बांधत होते. त्यांनी व्हिएन्नाहून एका तरुण वास्तुविशारद बाईंना बोलावलं. मार्गारेटे लिहोत्स्की, लग्नानंतर शुट्टे-लिहोत्स्की. क्रिस्टीन फ्रेडरिक यांचं लेखन तोवर जर्मनमध्ये आलं होतं आणि लिहोत्स्कींनी ते बारकाईने वाचलं होतं. त्यांनी आगगाडीच्या डायनिंग कारचं स्वयंपाकघर अभ्यासलं, कामांना लागणारा वेळ मोजला, गृहिणींशी आणि महिला संघटनांशी बोलल्यासुद्धा.

त्यातून निघालं जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं स्वयंपाकघर. साधारण एक मीटर नव्वद रुंद आणि तीन मीटर चाळीस लांब. खिडकीखाली चिरायची जागा, तिथेच सालं लोटायचा खण, बसून काम करता यावं म्हणून फिरतं स्टूल. भिंतीला दुमडणारा इस्त्रीचा फळा. तांदूळ, साखर, डाळी यांसाठी नाव कोरलेले ॲल्युमिनियमचे खण. पिठाला कीड लागू नये म्हणून ओकच्या लाकडाचा डबा. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो, त्याची आजी हीच. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली.

मग राहायला आलेल्या बायका खूश झाल्या का? काही झाल्या. पण तक्रारीही आल्या. दोघी जणी एका वेळी आत मावत नाहीत. मुलाला नजरेसमोर ठेवायला जागा नाही. ते ॲल्युमिनियमचे खण लहान मुलांच्या हाताला येतात आणि साखर जमिनीवर सांडते. रोमरश्टाट वस्तीत तर सगळं विजेवर होतं आणि विजेची बिलं परवडेनात. कित्येक कुटुंबं जेवायच्या खोलीतून उठून त्या चिंचोळ्या जागेतच कसंबसं टेबल घुसवून बसू लागली. कारण आधीच्या घरांत स्वयंपाकघर हीच सगळ्यांनी एकत्र बसायची जागा होती. ती सवय भिंत घालून मोडत नाही.

इथे लिहोत्स्कींना दोष देणं सोपं आहे. त्यांनीच पुढे सांगितलं की हे स्वयंपाकघर आखण्याआधी त्यांनी स्वतः कधी रांधलं नव्हतं. पण त्या हेतूने स्वच्छ होत्या. बाईचे कष्ट वाचावेत आणि उरलेला वेळ तिला स्वतःसाठी मिळावा, एवढंच त्यांना हवं होतं. पुढे याच बाई हिटलरविरोधी चळवळीत उतरल्या, १९४१ मध्ये पकडल्या गेल्या, १९४५ पर्यंत तुरुंगात राहिल्या. १०३ वर्षांच्या व्हायला पाच दिवस उरले असताना २००० साली त्या गेल्या. जग आपल्याला फक्त त्या एका स्वयंपाकघरासाठी ओळखतं, याचा त्यांना शेवटपर्यंत वैताग होता.

चूक कुठे झाली असेल? माझ्या मते, प्रश्नात. 'काम करायला किती पावलं लागतात' हे विचारलं गेलं. 'या खोलीत तुमचा दिवस कसा जातो' हे तितक्या नेटाने विचारलं गेलं नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर घड्याळ देतं. दुसऱ्याचं उत्तर फक्त राहणारं माणूस देऊ शकतं.

हा दुसरा प्रश्न पद्धतशीर विचारायला सुरुवात केली ती नेदरलँड्समधल्या बायकांनी. दुसऱ्या महायुद्धात रॉटरडॅम शहराचं मधलं अंग बॉम्बहल्ल्यात बेचिराख झालं होतं. पुन्हा बांधणी सुरू झाली, तेव्हा १९४६ मध्ये तिथे महिलांची गृहसल्लागार समिती उभी राहिली. या बायका वास्तुविशारद नव्हत्या. घर चालवणाऱ्या होत्या. त्या नकाशा वाचायला शिकल्या. इमारत कागदावर असतानाच त्या सांगायच्या, हे दार या बाजूला उघडलं तर कपाट उघडणार नाही. ओले कपडे कुठे वाळणार? ही पद्धत पुढे त्या देशातल्या अनेक गावांत पोचली. भिंत खोडरबराने हलवता येते तोवरच मत विचारायचं, हे शहाणपण त्यांनी रुळवलं.

आता आपल्याकडे येऊ. आपलं स्वयंपाकघर पिढ्यानपिढ्या जमिनीवर होतं. चूल खाली, बाई पाटावर, विळी पायाखाली, परात समोर. मग स्टो आले, १९५० च्या दशकात मुंबईत गॅसचे सिलिंडर मिळू लागले आणि हळूहळू बाई उभी राहिली. विळीची जागा सुरीने घेतली, चुलीची जागा ओट्याने. पण ओटा किती उंच, मोरी कुठे, हे ठरवलं कुणी? बहुतेक वेळा गवंड्याने, सवयीच्या मापाने. आजही बाई पाच फुटांची असो वा साडेपाच, ओटा तोच.

चुलीचंही तेच झालं. धूर कमी करणाऱ्या चुलीचे प्रयत्न आपल्याकडे जुने आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ मध्ये मगन चूल तयार झाली. हैदराबादमध्ये एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये बिनधुराच्या स्वयंपाकघरावर काम मांडलं. १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि लाखो चुली वाटल्या. २००२ मध्ये तो थांबला. बऱ्याच घरांत नवी चूल मोडून पडली आणि जुनी पुन्हा पेटली. कुठे भांडं नीट बसेना, कुठे नेहमीचं जळण आत जाईना, कुठे दुरुस्तीला माणूस मिळेना. धूर मोजला होता, भांडं मोजलं नव्हतं.

याच्या उलट एक उदाहरण खुद्द इंदूरचं आहे. बाळकृष्ण दोशी यांनी तिथे १९८० च्या दशकात अरण्य वसाहत आखली. साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट. नमुन्याची म्हणून फक्त ८० घरं बांधून दाखवली. गरीब कुटुंबांना जोतं आणि नळ-संडासाची मूळ सोय दिली, बाकीचं घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीने आणि गरजेने वाढवायचं. म्हणजे नकाशाचा शेवटचा भाग राहणाऱ्याच्या हातात ठेवला. या कामाला १९९५ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला.

हे सगळं वाचल्यावर मी दादाला फोन केला. म्हटलं, नकाशाची एक प्रत काढ, वहिनींना पेन्सिल दे आणि आपण कुणी मध्ये बोलायचं नाही. सकाळी उठल्यापासून रात्री ओटा पुसेपर्यंत त्या कुठून कुठे जातात त्याच्या रेघा ओढायला सांग.

दोन दिवसांनी वहिनींचाच फोन आला. "भाऊजी, फ्रिज दाराच्या मागे दाखवलाय. दूध काढायला मला दिवसातून वीस वेळा दार लावावं लागेल. मिक्सरचा प्लग समोरच्या भिंतीला आहे. आणि चकल्या, करंज्या करताना आई आणि मी खाली बसतो, ती जागाच नाही."

मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणखी एक. भांड्यांना येणाऱ्या मावशींनाही मी विचारलं. त्या म्हणाल्या, सिंक फार खोल नका घेऊ, कंबर जाते. त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं म्हणे."

खरं सांगतो, मावशींचं नाव माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. सगळा इतिहास वाचूनसुद्धा.

तुमच्याकडे नकाशा पसरला असेल, तर तीन गोष्टी करा. रोजच्या दिवसाच्या रेघा ओढा. ओट्याची उंची कोपर मोजून ठरवा, कोपराच्या चार-सहा इंच खाली. आणि त्या घरात ज्याचे हात राबणार आहेत, त्या प्रत्येकाला विचारा. वीट बसायच्या आधी.

दादाचं स्वयंपाकघर आता नऊ बाय बारा झालंय. हॉल तेवढा लहान झाला. माझी मोठी खिडकी गेली.