कल्याणचा प्रेषित आणि कातड्याचा प्रश्न

येशूच्या बारा प्रेषितांच्या यादीत बर्थलमय हे नाव येते. त्यापलीकडे शुभवर्तमाने त्या नावाविषयी काहीच सांगत नाहीत. तरीही हा प्रेषित आपल्या कल्याण बंदराशी जोडला गेला. चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस लिहितो की, अलेक्झांड्रियाचा पंतेनस ‘इंडिया’त गेला तेव्हा बर्थलमयने मागे ठेवलेले मत्तयाचे शुभवर्तमान त्याला तेथे आढळले. ही ‘इंडिया’ म्हणजे कल्याणचा परिसर, असे काही अभ्यासकांनी मांडले. मात्र त्या काळी अरबस्तान व इथिओपियालाही हे नाव दिले जाई. त्याहून भक्कम आधार सहाव्या शतकाचा आहे. कॉस्मस हा व्यापारी ‘कल्लियाना’ येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे नमूद करतो. हे गाव म्हणजे आपले कल्याणच, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

हे कल्याण कोणाचे होते? कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या लोहाराचे आणि सोनाराचेही नाव आहे. कष्टकरी माणूस तेथे दाता म्हणून दगडावर उभा आहे.

बर्थलमयच्या कथेचा शेवट आर्मेनियात होतो. जिवंतपणी त्याची कातडी सोलली गेली, अशी परंपरा आहे. मायकेलअँजेलोच्या १५४१ साली पूर्ण झालेल्या ‘अंतिम न्याय’ या भित्तिचित्रात तो आपलीच कातडी हाती धरून बसला आहे. युरोपात कातडे कमावणाऱ्यांनी याच संताला आपला पालक मानले. दुर्गंधीमुळे त्यांनाही वस्तीबाहेर ढकलले जाई. पण तेथे विटाळ धंद्याला होता. आपल्याकडे तो जन्माला चिकटवला गेला. कातड्याला कधीही हात न लावलेला चांभाराचा मुलगाही अस्पृश्यच ठरला.

धर्मांतराने तरी हे संपले काय? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. ख्रिस्ती धर्मात जात नाही, हे त्याचे समर्थन. पण चर्चमधल्या, दफनभूमीतल्या वेगळ्या जागा दलित ख्रिश्चनांनीच जाहीरपणे मांडल्या आहेत.

बर्थलमय कल्याणला उतरला की नाही, हा वाद चालू राहील. त्याचा वारसा सांगणाऱ्या चर्चने आणि शासनाने या माणसांच्या हक्काचे उत्तर मात्र आज द्यायचे आहे.