'जेवला' की 'जेवायचा'? स्पॅनिशमधल्या सवयींचा इतिहास

आजचा एपिसोड स्पॅनिश शिकणाऱ्यांसाठी आहेच, पण बाकीच्यांनीही थांबा. विषय आहे सवयी, आणि त्या सांगणारी क्रियापदं.

स्पॅनिशमध्ये 'कोमियो' म्हणजे 'जेवला'. एकदा जेवला, विषय संपला. 'कोमिया' म्हणजे 'जेवायचा'. आपल्यातले बरेच जण ॲपवरून, इंग्रजीतून स्पॅनिश शिकतात आणि इथेच अडकतात. कारण इंग्रजीत 'ही एट' दोन्हीकडे चालून जातं. मराठीत मात्र हा फरक आपण लहानपणापासून करतो. 'आजी गोष्ट सांगायची' आणि 'आजीने गोष्ट सांगितली' यांत कुणाचा गोंधळ होतो का? जुन्या गोष्टींतला राजा तर रोज शिकारीला 'जाई'!

आता इतिहास. हे रूप आलं लॅटिनमधून. लॅटिन 'कांताबाम', म्हणजे 'मी गायचो', त्याचं स्पॅनिशमध्ये झालं 'कांताबा'. पण 'तेनेबाम'मधला 'ब' बोलता बोलता गळला आणि उरलं 'तेनिया', म्हणजे 'माझ्याकडे असायचं'. म्हणून आज काही क्रियापदांना 'आबा' लागतं, काहींना 'इया'. नियम मोडणारी क्रियापदं फक्त तीन. त्यातली 'इबा' (जायचो) आणि 'एरा' (होतो) ही तर लॅटिनच्या 'इबाम' आणि 'एराम'ची जवळजवळ तशीच राहिलेली रूपं.

1492 मध्ये, कोलंबस निघाला त्याच ऑगस्टमध्ये, सालामांकात नेब्रिहाचं कास्तिलियन भाषेचं व्याकरण छापून झालं. त्याने या काळाला म्हटलं 'न संपलेला भूतकाळ'. किती नेमकं! सवय कधी सुरू झाली, कधी थांबली, हे ते रूप सांगतच नाही. पुढे 1847 मध्ये काराकासमध्ये जन्मलेल्या आंद्रेस बेयोने चिलीत आपलं व्याकरण छापलं आणि याच काळाला नवं नाव दिलं: 'कोप्रेतेरितो', म्हणजे दुसऱ्या घटनेच्या सोबतीने चालणारा भूतकाळ.

1605 च्या 'डॉन किहोते'ची सुरुवात आठवा. आधी कळतं की या गृहस्थाच्या घरी कोणत्या वारी काय असायचं. शुक्रवारी मसूर! सगळं त्याच न संपलेल्या काळात. मग डोक्यात शूरवीर व्हायचं खूळ शिरतं आणि क्रियापदाचं रूप बदलतं. सवय मोडली की गोष्ट सुरू होते.

पण एक अडचण आहे. 'कांताबा' म्हणजे 'गायचा' आणि 'गात होता', दोन्ही. संदर्भ नसेल तर कसं ओळखणार? तिथे मदतीला येतं 'सोलेर', लॅटिन 'सोलेरे'चं पोर. 'सुएलो कांतार' म्हणजे 'मी सहसा गातो', 'सोलिया कांतार' म्हणजे 'मी सहसा गायचो'. आता शंकाच नको. नेहमीपेक्षा वेगळं असलेल्याला स्पॅनिशमध्ये 'इन्सोलितो' म्हणतात, तेही याच घरातलं.

आणि खरी गंमत पुढे आहे. 'सोलेर' भविष्यकाळात जवळजवळ वापरतच नाहीत. 'उद्यापासून रोज पळणार' हा संकल्प झाला. सवय म्हणायला आधी घडावं लागतं. आपल्या जिम मेंबरशिपला हे क्रियापद लागू का होत नाही, कळलं ना?

तेव्हा पुढच्या वेळी स्पॅनिश भूतकाळात अडलात, तर इंग्रजी बाजूला ठेवा. वाक्य आधी मराठीत म्हणून बघा. 'आयचा', 'आयची' येतंय? मग बहुतेक वेळा 'आबा' किंवा 'इया' लावा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!