एकसष्टांतील एक

सप्टेंबर २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात राखीगढीच्या एका हडप्पाकालीन स्त्रीच्या डीएनएविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे यांच्या चमूने हरयाणातल्या या स्थळी केलेल्या उत्खननात तिचा सांगाडा मिळाला होता. आर्य कोण, कुठले, यावर लगेच वाद रंगला. माझी नजर मात्र एका आकड्यावर अडकली: तपासलेले नमुने ६१, पुरेसा डीएनए मिळालेला नमुना एक.

उष्ण हवामानात डीएनए लवकर तुटतो. सगळेच नमुने पूर्ण वाचायचे तर खर्च वाया जातो, म्हणून आधी चाळणी लावतात. आतल्या कानाला वेढणारे हाड फार घट्ट असते. त्याची थोडी पूड घ्यायची, त्यातल्या डीएनएच्या तुकड्यांना ओळखखुणा जोडून त्यांचा संग्रह (याला ‘लायब्ररी’ म्हणतात) करायचा आणि त्यातले थोडेच वाचून पाहायचे. प्रश्न दोन. हा डीएनए माणसाचा आहे का? असल्यास जुना आहे का? जुने तुकडे आखूड असतात आणि त्यांच्या टोकांशी सायटोसिन बिघडून थायमिनसारखे वाचले जाते. ही पडझड हाच जुनेपणाचा दाखला.

दुसरा प्रश्न किती महत्त्वाचा, हे स्वांते पेबो यांच्या अनुभवावरून कळते. १९८५ मध्ये त्यांनी २३ इजिप्शियन ममी तपासून एका बालकाच्या ममीतून सुमारे ३,४०० अक्षरांचा डीएनए मिळाल्याचे जाहीर केले. तो बहुधा आजच्याच कुणा माणसाचा मिसळलेला असावा, हे पुढे त्यांनीच मान्य केले. याच पेबोंना २०२२ मध्ये नोबेल मिळाले.

राखीगढीच्या त्या नमुन्यातून शंभरहून अधिक लायब्ररी करूनही, शोधलेल्या सुमारे १२ लाख जागांपैकी जेमतेम ३१ हजार वाचता आल्या. गोनूर आणि शहर-ए-सोख्ता येथील ११ व्यक्तींशी तिचे साम्य दिसले, म्हणून निष्कर्षाला बळ आले.

उरलेल्या साठांविषयी चाळणी काहीच सांगत नाही. ते त्या स्त्रीसारखेच होते की वेगळे, हे ठरवायला आपल्याकडे आधार नाही. पूड केलेले हाडही पुन्हा मिळत नाही. म्हणून ‘हडप्पाचे लोक असे होते’ असे कुणी ठासून सांगू लागले, की मी आधी विचारतो: किती तपासले, आणि किती बोलले?