बेंजोवादकाच्या पायाखालची डबी

महाराष्ट्राच्या संगीताचा इतिहास लिहिताना आपल्याकडे काही दालने ठरलेली आहेत. शास्त्रीय गायकीची घराणी, नाट्यसंगीत, लावणी, शाहिरी, भजन-कीर्तन आणि चित्रपट संगीत. या यादीत बेंजो कुठेच बसत नाही. तो रस्त्यावरचा, वरातीतला, मिरवणुकीतला. म्हणून तो इतिहासातही बाहेरच उभा राहिला. बेंजो जिथे नाही तिथे त्याच्या पायाखालच्या इफेक्ट पेडलची नोंद कोण करणार? पण दौंड-शिरूर पट्ट्यात गेल्या काही वर्षांत हे वाद्य ज्या आवाजात ऐकू येते, तो आवाज निम्मा या डबीचा आहे. इलेक्ट्रिक गिटारसाठी बनलेली, तळहातावर मावणारी, चिनी बनावटीची स्वस्त डबी. तिची गोष्ट सांगायची तर सुरुवात जपानपासून करावी लागते आणि वाटेत कव्वालीचा फड लागतो.

नागोयाहून दख्खनमध्ये

आपण ज्याला बेंजो म्हणतो त्याचा अमेरिकन बँजोशी नावापलीकडे काही संबंध नाही. अमेरिकन बँजो चामड्याने मढवलेला, गळ्याशी धरून वाजवायचा. आपला बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरसारखी बटणे. डाव्या हाताने बटण दाबले की तार ठरावीक जागी दाबली जाते, उजव्या हाताने ती छेडायची. सुराच्या तारा निराळ्या आणि सतत गुंजणाऱ्या तारा निराळ्या.

हे वाद्य जपानमधील नागोया शहरात गोरो मोरिता यांनी 1912 साली तयार केले. ते वर्ष जपानमधील तायशो राजवटीचे पहिले वर्ष. जुन्या जपानी ‘कोतो’ या तंतुवाद्याचे नाव त्याला जोडून ‘तायशोगोतो’ हे नाव पडले. बटणांची कल्पना त्यांनी टाइपरायटरवरून घेतली होती. महागडे वाद्य आणि वर्षानुवर्षांची तालीम ज्यांना परवडत नाही, त्यांच्या हातात सूर देणारी ही रचना होती. ती जपानभर पसरली आणि व्यापारी मालाबरोबर आशियातील बंदरांत उतरली.

भारतीय उपखंडात तिला ‘बुलबुल तरंग’ हे देखणे नाव मिळाले, पण लोकांच्या तोंडी ‘बेंजो’च राहिला. कराची आणि मकरान भागातील बलुच कलावंतांनी त्याची पेटी लांब केली, तारा बदलल्या आणि त्याला आपले लोकवाद्य करून टाकले. बिलावल बेल्जियम हे तिथले गाजलेले बेंजोवादक. परदेशी खेळण्यासारखे आलेले वाद्य दोन पिढ्यांत मातीचे झाले. मुंबईत आणि दख्खनमध्येही असेच घडले, फक्त इथे त्याला वाट दिली ती कव्वालीने.

कव्वालीचा बेंजो

मुंबईची कव्वाली ही दर्ग्यातील समाखान्यापेक्षा वेगळी चीज आहे. तिकीट लावून होणारे मुकाबले, शायरीची टोलेबाजी, फर्माइश आणि रात्रभर जागणारा कष्टकरी श्रोता हा तिचा संसार. इस्माइल आझाद, युसूफ आझाद, जानीबाबू, अझीझ नाझाँ, शकीला बानो भोपाली ही त्या काळाची नावे. इस्माइल आझाद यांची कव्वाली 1958 सालच्या ‘अल हिलाल’ चित्रपटातून घराघरांत पोहोचली. अझीझ नाझाँ यांच्या कव्वालीने 1974 सालच्या ‘फाइव्ह रायफल्स’ चित्रपटात धुमाकूळ घातला. या कव्वालीत हार्मोनियम, ढोलक, टाळ्या यांच्या बरोबरीने बेंजो होता. कव्वाल मिसरा टाकून थांबला की त्या रिकाम्या जागेत बेंजोची तीक्ष्ण तान शिरायची आणि श्रोत्यांना मिसरा पचवायला वेळ द्यायची.

हा मंच एका धर्माचा नव्हता. शंकर-शंभू आणि प्रभा भारती यांच्या नावाशिवाय कव्वालीचा इतिहास पुरा होत नाही. मराठीत तर कव्वालीने आणखी मोठी मजल मारली. भीमजयंतीच्या मंचावर गायन पार्ट्यांनी कव्वालीचा सामना उचलला. प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांच्या गायकीत भक्तिगीत, भीमगीत आणि कव्वाली एकाच गळ्यातून येत. त्या मंचावरही बेंजो होताच. उरूस, 14 एप्रिल आणि गणेशोत्सव या तिन्ही ठिकाणी वाजणारी तीच पेटी, कित्येकदा तोच वादक.

दौंडसारख्या गावात हे सहज घडले. भीमा नदीकाठच्या या गावाचे नशीब रेल्वेने बदलले. इंग्रजांच्या कागदांत ‘धोंड’ असलेले हे ठिकाण 1878 साली मनमाडपर्यंतचा मार्ग सुरू झाल्यावर जंक्शन बनले. पुणे, सोलापूर, नगर अशा तिन्ही दिशांनी माणसे येत राहिली. रेल्वे वसाहत, राज्य राखीव पोलीस दल, बाजार यांमुळे इथे मराठीबरोबर दख्खनी, हिंदी, तेलुगू कानांवर पडत आली. गाडीने येणारा कव्वाल रात्री गायचा आणि सकाळच्या गाडीने पुढच्या उरुसाला जायचा. तो गेला तरी त्याच्या बेंजोची तान इथल्या पोरांच्या बोटांत राहायची.

बंद खोलीतून रस्त्यावर

बेंजोला एक जन्मजात उणीव आहे. त्याचा सूर टिकत नाही. सतारीची तार ओढून मींड घेता येते, सारंगीचा गज सूर हवा तितका ताणतो. बेंजोची तार छेडली की ‘टण्’ आवाज येतो आणि लगेच विरतो. त्यामुळे वादक तीच तार भराभर छेडत राहतो. चार भिंतींच्या आत हे चालून जाते, कारण भिंती थोडा आवाज परत देतात. दर्ग्याच्या घुमटाखाली किंवा फरसबंद आवारात तर सुराला आपोआप लांबी मिळते. मिरवणुकीत मात्र वर आभाळ आणि समोर गर्दी. तिथे सूर निघतो आणि हरवतो.

पहिला उपाय म्हणून बेंजोच्या तारांखाली पिकअप बसले. चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार, एवढेच ते. वरची पोलादी तार थरथरली की त्या गुंडाळीत क्षीण विद्युतलहर तयार होते आणि ॲम्प्लिफायर ती मोठी करतो. इलेक्ट्रिक गिटारचे तत्त्व हेच आहे. आपल्याकडे इलेक्ट्रिक गिटारचा आवाज लोकांना ओळखीचा झाला तो व्हॅन शिपले यांच्या तबकड्यांनी. त्यांच्यासोबत पुण्याचे एनॉक डॅनिएल्स ॲकॉर्डियन वाजवत. चित्रपटगीतांच्या त्या धुना ऐकून बेंजोवाल्यांच्या लक्षात आले की, शब्दांशिवायही गाणे लोकांना ओळखता येते. बेंजो पार्टीचा सारा डोलारा या एका जाणिवेवर उभा आहे.

पण पिकअपने आवाज मोठा झाला, लांब झाला नाही. लांबी द्यायची तर प्रतिध्वनी हवा.

डबीचा प्रवास

पाश्चात्त्य गिटारवादकांपुढेही हाच प्रश्न होता. त्यांनी आधी चुंबकीय फीत वापरली. एका डोक्याने आवाज नोंदवायचा आणि थोड्या अंतरावरील दुसऱ्या डोक्याने तो पुन्हा वाजवायचा. रोलँड कंपनीचे 1974 सालचे ‘स्पेस इको’ हे यंत्र अशा फितीवर चाले. ते जड, महाग आणि धुळीला घाबरणारे होते. दरम्यान 1962 साली अमेरिकेत ‘माइस्ट्रो फझ-टोन’ बाजारात आले. पायाने दाबायचे बटण आणि आवाज फाटका करणारे साधे सर्किट असलेली ही पेटी. पायाखालच्या डबीचा धंदा तिथून सुरू झाला. रोलँडच्याच ‘बॉस’ या शाखेने 1977 पासून छोट्या, मजबूत, एकाच मापाच्या पेडल काढल्या. ऐंशीच्या दशकात डिजिटल डिलेही त्या मापात आला. म्हणजे बेंजो जपानचा आणि त्याचा सूर लांबवणारी डबीही जपानची.

आपल्याकडे या वस्तू पोहोचणे अवघड होते. 1991 पूर्वी आयातीवर कडक निर्बंध होते. बोटीवर काम करणारा किंवा आखातात गेलेला नातेवाईक आणेल तेवढेच. मुंबईच्या स्टुडिओतील वादकांना ते जमे. दौंडच्या बेंजोवाल्याला लाउडस्पीकरवाल्याच्या इको मशीनवर भागवावे लागे, तेही त्याने दिले तर.

हे चित्र बदलले ते एका स्वस्त चिपमुळे. तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजी कंपनीची पीटी 2399 ही चिप मुळात कराओकेसारख्या घरगुती यंत्रांत इको देण्यासाठी बनली. ती आवाजाचे आकड्यांत रूपांतर करते, आपल्या छोट्या स्मृतीत क्षणभर ठेवते आणि परत सोडते. सुमारे 340 मिलिसेकंदांपर्यंत ती नीट काम करते. त्यापुढे ताणली तर आवाजात खरखर मिसळू लागते. गिटारच्या अनेक स्वस्त डिले पेडल याच चिपवर निघाल्या. 2010 साली चीनच्या शेन्झेनमध्ये सुरू झालेल्या ‘मूअर’ कंपनीने पेडलचे माप आणखी घटवले. सुमारे साडेनऊ सेंटिमीटर लांब आणि सव्वाचार सेंटिमीटर रुंद. मागोमाग ‘डॉनर’सारख्या कंपन्या आल्या. नामांकित पेडलच्या काही पट कमी किमतीत ही मिनी पेडल आता मोबाइलवरून मागवता येते. लग्नसराईतील एक-दोन सुपाऱ्यांत तिचे पैसे निघतात.

मिरवणुकीचे गणित

आमच्याकडे एका उरुसाच्या संदल मिरवणुकीत वाजवणाऱ्या बुजुर्ग वादकाला मी विचारले, “मामू, इस डबी में क्या है?” ते म्हणाले, “कुछ नहीं बाबा, दर्गे का गुंबद है. जहाँ जाना, साथ ले जाना.”

यापेक्षा नेमकी व्याख्या मला कोणत्याही माहितीपत्रकात सापडलेली नाही. घुमट जे करतो तेच डिले करतो. फक्त घुमटाची वेळ ठरलेली असते, डबीची वेळ बटणाने बदलता येते. मिरवणुकीची लय मिनिटाला 120 ठोके असेल तर एका ठोक्याला 500 मिलिसेकंद लागतात. डिले 250 वर लावला की प्रत्येक सुराची सावली बरोबर अर्ध्या ठोक्यावर पडते. एकच माणूस वाजवत असतो, पण दोघे वाजवत असल्याचा भास होतो. हे आकडे आमच्या वादकांनी कागदावर मांडलेले नाहीत. ढोलकीच्या थापेवर कान ठेवून ते बटण फिरवतात आणि अचूक जागी थांबतात.

दुसरी डबी ओव्हरड्राइव्हची. ती सुराला किंचित जाड आणि खरबरीत करते, त्यामुळे ताशा-ढोलाच्या गदारोळातही धून वर राहते. डिलेच्या आधी ओव्हरड्राइव्ह जोडायचा, हा नियम इथे सगळ्यांना पाठ आहे. उलट जोडले तर प्रतिध्वनीही फाटतो आणि सगळा चिखल होतो.

या स्वस्ताईची किंमतही आहे. मिनी पेडलमध्ये बॅटरीला जागा नसते. तिला 9 व्होल्टचा ॲडाप्टर लागतो आणि त्याच्या पिनचा मधला भाग ऋण असावा लागतो. आपल्याकडे घरोघरी पडलेले कॅमेऱ्याचे किंवा वाय-फायचे ॲडाप्टर बहुधा 12 व्होल्टचे आणि मध्यभागी धन असतात. घाईत तसला ॲडाप्टर लावला की डबी कायमची गप्प होऊ शकते. टेम्पोवरचा जनरेटर, त्याची घरघर आणि एकाच ॲडाप्टरवर जोडलेल्या तीन डब्या यातून येणारा गुंजारव वेगळाच. पुण्यात बुधवार पेठेच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून हे सारे दुरुस्त करणारे हात आमच्या गावातही आहेत. मिरजेत तलवारी घडवणाऱ्या शिकलगारांमधील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात सतार घडवायला घेतली आणि त्यांच्या वंशजांना ‘सतारमेकर’ हे आडनाव मिळाले. सोल्डरिंगच्या लोखंडावर बसलेल्या आजच्या कारागिरांना मात्र कुणी असे आडनाव देत नाही.

आवाज कुणाचा?

बेंजोसमोर आज दोन संकटे आहेत. एक डीजेचे. भिंतीएवढे स्पीकर आणि एक लॅपटॉप आला की आठ-दहा माणसांच्या पार्टीची गरज उरत नाही. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकावर बंदी घालतात. वर्षातील मोजक्या दिवशी सरकार ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. नियम योग्यच आहेत. पण कारवाईच्या वेळी भिंतीएवढा डीजे आणि एका टेम्पोवरचा बेंजो एकाच मापाने मोजले जातात, तेव्हा आधी बसतो तो बेंजोवाला, कारण त्याच्यामागे कुणी नसते.

दुसरे संकट अधिक खोल आहे. मिरवणूक कुणाची, त्यात वाजवणारा कोण, असे प्रश्न आता विचारले जाऊ लागले आहेत. एके काळी सुपारी देताना वादकाचा हात बघत. नाव बघितले तरी ते निमंत्रणाच्या चिठ्ठीवर नीट लिहिण्यासाठी. गणपतीपुढे वाजवणारा सलीम आणि संदलपुढे वाजवणारा संतोष या जोड्या आमच्या भागात कुणाला नवल वाटाव्या अशा नव्हत्या. सद्भावनेची भाषणे नंतर आली, त्याआधी रोजगाराने ही माणसे एका टेम्पोवर बसवली होती. दोघांची पोटे एका हंगामावर नाहीत, तर वर्षभराच्या सगळ्या सणांवर चालत. एका धर्माचे सण वगळले की कॅलेंडरातील निम्मे दिवस कोरडे जातात. मग पोरगा बेंजो ठेवून कुरकुंभच्या कारखान्यात लागतो. तिथे पगार नियमित मिळतो, म्हणून त्याला दोषही देता येत नाही.

2016 साली रवी जाधव यांनी ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट केला, रितेश देशमुख त्यात नायक होते. तेवढ्यापुरती या वाद्याची चर्चा झाली. पण कव्वालीच्या जुन्या कॅसेटी काढून पाहा. वेष्टणावर कव्वालाचे नाव ठळक असते. ज्याच्या तानेवर श्रोते उठून पैसे उधळत, त्या बेंजोवाल्याचे नाव बहुतेक वेळा नसतेच. नाव नसलेल्या माणसाचा इतिहास पुसायला वेगळे कष्ट लागत नाहीत.

म्हणून हे काम आपल्यालाच करावे लागेल. आपल्या गावातील बेंजोवादकांची नावे, त्यांचे उस्ताद, त्यांनी कोणत्या कव्वालासोबत साथ केली, पहिला पिकअप कुणी बसवला, पहिली डबी कुणी आणली, हे विचारून लिहून ठेवा. मोबाइलवर त्यांची एक धून नोंदवा आणि खाली वादकाचे पूर्ण नाव टाका. डबी बाजारात पुन्हा मिळेल. बटण कुठे थांबवायचे हे जाणणारी बोटे मात्र या पिढीबरोबर जातील.