इंग्लंडमधील नगरपालिकांची घरे

गावातली शाळा कोणाच्या मालकीची, असे कोणी विचारले तर तुम्ही चटकन सांगाल, "गावाची." मुले येतात नि जातात, गुरुजी बदलतात, इमारत मात्र पुढच्या पिढीसाठी उभीच राहते. राहत्या घराबद्दल आपण असे बोलत नाही. घर ज्याचे त्याचे. पण इंग्लंडमधल्या लोकनियुक्त नगरपालिकांनी गेल्या दीडशे वर्षांत स्वतःच्या मालकीची घरे बांधली, ती गरजूंना भाड्याने दिली, पुढे लाखांनी विकली, आणि आता त्या पुन्हा घरे विकत घेत आहेत. असे का झाले, ते आज पाहू या.

आरंभ लिव्हरपूल बंदरात झाला. आयर्लंडमध्ये 1845 पासून मोठा दुष्काळ पडला आणि हजारो उपाशी माणसे या शहरात उतरली. तळघरांत, अंधाऱ्या बोळांत कुटुंबे दाटीने राहू लागली. साथीचे रोग वाढले. आणि साथ काही गरिबाचे दार पाहून थांबत नाही! अखेर 1869 मध्ये लिव्हरपूलच्या नगरपालिकेने सेंट मार्टिन्स कॉटेजेस ही इमारत बांधली. इंग्लंडमधली नगरपालिकेची ही पहिली घरे.

पुढे 1890 च्या कायद्याने अशा कामाला बळ आले. लंडन काउंटी कौन्सिलने पूर्व लंडनमधली ओल्ड निकोल नावाची गलिच्छ वस्ती पाडली, तिथे बाउंडरी स्ट्रीट वसाहत उभारली आणि 1900 मध्ये युवराजांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. घरे देखणी होती, हवेशीर होती. पण जुन्या वस्तीतून उठवलेल्या सुमारे 5,700 माणसांपैकी नव्या घरांत किती आली, ठाऊक आहे? अवघी 11! भाडे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. घरे मिळाली ती नियमित पगार असलेल्या कारागिरांना आणि कारकुनांना. घर बांधणे वेगळे आणि ते गरजूच्या हाती पोचणे वेगळे, हा धडा तेव्हाचा.

पहिले महायुद्ध संपले. खंदकांतून परतलेल्या शिपायांना राहायला धड घरे नव्हती. तेव्हा 1919 मध्ये मंत्री ख्रिस्टोफर ॲडिसन यांनी कायदा आणला. घरबांधणीतला ठरावीक तोटा नगरपालिकेने स्थानिक करातून सोसायचा, त्यावरचा सरकारी तिजोरीने भरायचा, अशी योजना होती. बेत पाच लाख घरांचा होता. झाली सुमारे 2 लाख 13 हजार. तरी वाट पडली ती पडलीच. लंडनबाहेर बेकनट्री येथे 1921 ते 1935 या काळात सुमारे 26,000 घरांची वसाहत उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर मंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी आणखी एक पाऊल टाकले. 1949 च्या कायद्याने "फक्त कामगार वर्गासाठी" ही अट गेली. एकाच आळीत डॉक्टर, वाणी आणि मजूर शेजारी राहावेत, असे त्यांचे म्हणणे होते. 1979 च्या सुमारास ब्रिटनमधली जवळजवळ एक तृतीयांश कुटुंबे सरकारी भाड्याच्या घरांत राहत होती.

मग वारे फिरले. 1980 च्या कायद्याने भाडेकरूला आपले घर मोठ्या सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. जन्मभर भाडे भरलेल्या माणसाला घर स्वतःच्या नावावर झाल्याचा आनंद झाला. तो आनंद खोटा म्हणता येणार नाही. पण विक्रीचा सगळा पैसा नव्या घरांवर खर्च करण्याची मोकळीक नगरपालिकांना नव्हती. विहिरीतून उपसा चालू, झरा मात्र बंद! एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे 20 लाख घरे अशी विकली गेली. त्यांतली बरीच पुढे खाजगी मालकांच्या हाती गेली आणि जास्त भाड्याने दिली जाऊ लागली. रांगेत उभ्या असलेल्या पुढच्या कुटुंबाला द्यायला नगरपालिकेकडे घरच उरेना.

त्यावर जी एक वाट निघाली, ती 1990 च्या नगररचना कायद्याच्या 106 व्या कलमातून. शेताला बांधकामाची परवानगी मिळाली की त्याची किंमत कितीतरी पटींनी चढते. ही वाढ परवानगीमुळे येते; तेव्हा तिचा वाटा समाजाला मिळावा, हे त्यामागचे तत्त्व. समजा, बांधकाम करणारा शंभर घरे बांधतो आहे. नगरपालिका करार करते, की यांतली वीस किंवा तीस घरे परवडणारी असतील. ती त्याने बाजारभावापेक्षा कमी किमतीत गृहनिर्माण संस्थेला, नाहीतर नगरपालिकेला विकायची. नगरपालिका कर्ज काढून ती घेते आणि येणाऱ्या भाड्यातून वर्षानुवर्षे कर्ज फेडते. या कर्जावरची सरकारी मर्यादा 2018 मध्ये उठली, तेव्हापासून हे काम थोडे सोपे झाले.

अडचणी आहेतच. जुन्या घरांच्या दुरुस्तीच्या ओझ्यामुळे अनेक गृहनिर्माण संस्थांनी हात आखडता घेतला आणि करारातल्या घरांना गिऱ्हाईक मिळेना. म्हणून डिसेंबर 2024 मध्ये घरे आणि खरेदीदार यांची गाठ घालून देणारी सरकारी व्यवस्था सुरू करावी लागली. शिवाय "परवडणारे" या शब्दाचीही गंमत आहे. 2011 पासून बाजारभाड्याच्या 80 टक्क्यांपर्यंतचे भाडेसुद्धा त्यात बसते. महागड्या शहरात मोलकरणीला ते कसे परवडावे? विक्रीचा हक्क स्कॉटलंडने 2016 मध्ये आणि वेल्सने 2019 मध्ये बंद केला. इंग्लंडने 2024 मध्ये सवलत बरीच कमी केली.

आपल्याकडेही याच्याशी मिळतीजुळती कल्पना आली आहे. महाराष्ट्रात 2013 पासून मोठ्या शहरांतल्या मोठ्या गृहप्रकल्पांत 20 टक्के वाटा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याचा नियम आहे. ही घरे म्हाडाच्या सोडतीतून जातात. पण फरक ध्यानात घ्या. सोडतीतले घर एका कुटुंबाचे कायमचे होते. नगरपालिकेने मालकी राखलेले घर एकामागून एक कुटुंबांच्या उपयोगी पडते.

यांतले बरे कोणते? शिक्षकांनी हा प्रश्न वर्गात मुलांपुढे ठेवावा, मोठ्यांनी चावडीवर बोलावा. मात्र उत्तर देताना घर मिळालेल्या माणसाबरोबर, अजून रांगेत उभ्या असलेल्या माणसाचीही आठवण ठेवा.