कल्याणच्या ३२ तबकड्या आणि न दिसणाऱ्या द्रव्याचा माग

१/ कल्याण म्हटले की इतिहासप्रेमींना सातवाहनकालीन बंदर आणि दुर्गाडी किल्ला आठवतो. भारतीय रेडिओ खगोलशास्त्राची एक महत्त्वाची पायाभरणी याच परिसरात झाली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. कृष्णद्रव्याच्या, म्हणजेच डार्क मॅटरच्या शोधाशी तिचा धागा कसा जुळतो, ते पाहू.

२/ सूर्यापासून दूरचे ग्रह संथ फिरतात. दीर्घिकेच्या कडेचे तारेही तसेच संथ असावयास हवेत. १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतील वेग मोजले, तेव्हा तशी घट आढळली नाही. या वेगवान ताऱ्यांना बांधून ठेवणारे, परंतु प्रकाश न देणारे जे द्रव्य मानले जाते, तेच कृष्णद्रव्य.

३/ तारे विरळ होतात तेथेही हायड्रोजन वायू असतो. तो २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी सोडतो. त्या लांबीतील सूक्ष्म फरकावरून वायूचा वेग कळतो. १९५१ साली हार्वर्ड येथे या लहरी प्रथम टिपल्या गेल्या. त्याच वर्षी सिडनीतील पॉट्स हिल येथे ख्रिस्तियनसेन आणि हिंडमन यांनी त्या शोधाला दुजोरा दिला.

४/ याच पॉट्स हिलमध्ये तरुण गोविंद स्वरूप यांनी ख्रिस्तियनसेन यांच्या दुर्बिणीवर काम केले. त्या दुर्बिणीच्या सहा फुटी ३२ तबकड्या पुढे निकामी ठरल्या. स्वरूप यांनी त्या भारतासाठी मागितल्या आणि ऑस्ट्रेलियाने त्या भेट दिल्या.

५/ होमी भाभांच्या निमंत्रणावरून स्वरूप १९६३ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९६५ मध्ये त्या तबकड्या कल्याणला उभ्या राहिल्या: २४ पूर्व-पश्चिम ६३० मीटरच्या रांगेत, ८ दक्षिणोत्तर २५६ मीटरच्या रांगेत. दूर अंतरावरच्या लहान तबकड्या जोडल्या की मोठ्या दुर्बिणीसारखे बारकावे दिसतात, हे त्यामागील तत्त्व.

६/ कल्याणला कृष्णद्रव्य शोधले गेले नाही. तेथे ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचा अभ्यास झाला आणि त्याच्या प्रभामंडलाचे तापमान सुमारे दहा लाख अंश असल्याचे दिसले. पण येथेच एक चमू घडला. त्याने १९७० पर्यंत उटीची ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभारली.

७/ पुढे जुन्नर तालुक्यातील खोडद येथे स्वरूप यांच्याच नेतृत्वाखाली जीएमआरटी साकारली: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. तत्त्व कल्याणचेच. २००५ साली तिच्या साहाय्याने एनजीसी ३७४१ या बटू दीर्घिकेचा वायू दृश्य भागाच्या कित्येक पट दूरवर पसरलेला आढळला. त्याच्या वेगावरून काढलेले वस्तुमान आणि दीर्घिकेचा प्रकाश यांचे गुणोत्तर सूर्याच्या तुलनेत शंभराहून अधिक निघाले.

८/ कृष्णद्रव्याचा कण अद्याप कोणाच्याही हाती लागलेला नाही. त्याचे वजन मात्र असे मोजता येते. कल्याणचा इतिहास लिहिताना बंदर आणि किल्ल्याच्या पानांपुढे १९६५ चे हे पानही जोडले पाहिजे.