एसीवर गॅसचा एरर कोड आलाय? गॅस भरण्याआधी हे वाचा

उन्हाळा सुरू झाला की एक गोष्ट घरोघरी होते. एसी थंड करत नाही, डिस्प्लेवर कुठलातरी कोड चमकतो, आपण तो मोबाईलवर सर्च करतो आणि उत्तर मिळतं, "गॅस कमी आहे." मग मेकॅनिक येतो, गॅस भरतो, पैसे घेतो आणि जातो. काही महिन्यांनी तोच कोड परत येतो. असं का होतं, या कोडचा नेमका अर्थ काय आणि मेकॅनिककडून कोणतं काम करून घ्यायचं, हे आज सोप्या भाषेत बघूया.

एसीतला गॅस "संपतो" का?

नाही. गाडीतलं पेट्रोल जळून संपतं, तसं एसीतल्या गॅसचं होत नाही. हा गॅस, म्हणजे रेफ्रिजरंट, तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. घरातली उष्णता उचलतो, बाहेरच्या युनिटमध्ये सोडतो आणि परत येतो. दहा वर्षं एसी चालला तरी त्याचं वजन तेवढंच राहायला हवं. म्हणून गॅस खरंच कमी झाला असेल तर एक तर कुठेतरी गळती आहे, नाहीतर बसवतानाच तो कमी राहिला होता. "दरवर्षी गॅस टॉप-अप करावाच लागतो" हे वाक्य कुणी ऐकवलं तर सावध व्हा.

कोणत्या कंपनीचा कोणता कोड?

डिस्प्लेवर हे कोड इंग्रजी अक्षरांत दिसतात. गॅसशी थेट संबंध असलेले नेहमीचे कोड असे:

- डाइकिन: यू ०
- एलजी: सीएच ३८
- सॅमसंग: ई ५५४ किंवा सी ५५४
- मिडिआ आणि कॅरियरची काही मॉडेल्स: ईसी, नव्या मॉडेल्समध्ये ईएल ०सी

डाइकिनमध्ये बऱ्याचदा कोड आपोआप दिसत नाही, फक्त लाईट ब्लिंक होतो. अशा वेळी रिमोटवरचं टायमर कॅन्सलचं बटण साधारण ५ सेकंद दाबून ठेवा. स्क्रीनवर ०० चमकेल. मग तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत जा. ज्या कोडला लांब बीप वाजेल, तो तुमचा कोड.

एक काळजी घ्या: एका कंपनीचा कोड दुसऱ्या कंपनीला लावू नका. "ई १" चंच बघा. ग्रीच्या एसीमध्ये हा हाय प्रेशरचा कोड आहे, तर मिडिआच्या अनेक मॉडेल्समध्ये तोच कोड आतलं आणि बाहेरचं युनिट एकमेकांशी बोलत नाही असं सांगतो. त्यामुळे सर्च करताना कंपनीसोबत मॉडेल नंबरही टाका.

एसीला गॅस कमी आहे हे कळतं कसं?

मला स्वतःला हा भाग सगळ्यात इंटरेस्टिंग वाटला. घरगुती स्प्लिट एसीमध्ये साधारणपणे गॅसचं वजन मोजणारा सेन्सर नसतो. एसी अंदाज बांधतो. कॉम्प्रेसर जोरात फिरतोय पण करंट कमी घेतोय, आतली कॉईल पुरेशी थंड होत नाही, कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारा पाइप जास्त तापतोय, अशा खुणा तो बघतो. मिडिआच्या पद्धतीत कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत कॉईलचं तापमान उतरलं नाही आणि असं तीन वेळा झालं, तर ईसी दिसतो.

मी रोज सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये चुका शोधतो. तिथला अनुभव इथेही लागू पडतो: एरर मेसेज काय बिघडलं ते सांगतो, का बिघडलं ते सांगेलच असं नाही. गॅस पूर्ण असूनही हा कोड येऊ शकतो. त्याची कारणं अशी:

- कॉईलवरचा तापमानाचा सेन्सर जागेवरून निसटला किंवा खराब झाला.
- एसी नवीन बसवल्यावर किंवा शिफ्टिंगनंतर बाहेरच्या युनिटचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाच नाही.
- एक्स्पान्शन व्हॉल्व्ह अडकला.
- पाइप कुठेतरी दुमडला गेला.

घर बदलल्यावर लगेच हा कोड आला, तर गॅस भरायच्या आधी व्हॉल्व्ह आणि जॉइंट तपासायला सांगा.

मेकॅनिकला फोन करण्याआधी घरी काय बघायचं?

१. कोडचा फोटो काढा. रिसेट केल्यावर तो निघून जातो.
२. फिल्टर काढून धुवा. फिल्टर चोंदला की हवा कमी येते आणि कॉईलवर बर्फ जमतो. पण हवा नेहमीसारखी जोरात येतेय, तरी गार लागत नाही आणि कॉईलच्या एकाच भागात बर्फ आहे, तर गॅस कमी असण्याची शक्यता जास्त.
३. बाहेरच्या युनिटचा पंखा फिरतोय का ते बघा. खिडकीतून वाकू नका, छज्जावर उतरू नका. मोबाईलचा कॅमेरा झूम करून व्हिडिओ काढा. जॉइंटपाशी तेलकट डाग किंवा बारीक पाइपवर बर्फ दिसला तर तो गळतीचा इशारा असू शकतो.
४. एमसीबी १० मिनिटं बंद ठेवून परत सुरू करा. कोड पुन्हा आला तर एसी चालवू नका. परत येणाऱ्या गॅसमुळेच कॉम्प्रेसर थंड राहतो. गॅस कमी असताना तो तापतो, आणि कॉम्प्रेसर गेला तर खर्च कितीतरी वाढतो.
५. बाहेरच्या युनिटवरच्या प्लेटचा फोटो काढा. त्यावर गॅसचा प्रकार आणि वजन लिहिलेलं असतं.

गळती कुठे होते?

सगळ्यात आधी संशय घ्यायचा तो फ्लेअर नटवर, म्हणजे पाइप युनिटला जोडतात त्या जागेवर. दुसरी जागा आतली आणि बाहेरची कॉईल. समुद्राजवळ खाऱ्या हवेने कॉईल गंजते. उघड्या नाल्याच्या आसपास सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तांबं खातो. मुंबई-ठाण्यात खाडी किंवा नाल्याशेजारी राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवा.

माझ्या मावशीकडे डोंबिवलीत सलग दोन उन्हाळे गॅस भरला गेला. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या मेकॅनिकने आधी प्रेशर टेस्ट घेतली, तेव्हा बाहेरच्या फ्लेअर नटपाशी बुडबुडे आले. पाइपचं तोंड नव्याने बनवून नट बसवला. दोन वर्षं ज्याचे पैसे गेले, ते काम अर्ध्या तासाचं होतं.

मेकॅनिककडून कोणतं काम करून घ्यायचं?

क्रम असा असायला हवा:

- गळती शोधणे: नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट, जॉइंटवर साबणाचं पाणी किंवा लीक डिटेक्टर.
- दुरुस्ती: आणि त्यानंतर पुन्हा तीच टेस्ट.
- व्हॅक्यूम: पंप लावून नळ्यांमधली हवा आणि ओलावा काढणे. थोडा गॅस सोडून हवा ढकलून देणं म्हणजे व्हॅक्यूम नव्हे.
- वजन करून गॅस भरणे: सिलिंडर डिजिटल काट्यावर ठेवून, प्लेटवर लिहिलं आहे तेवढाच. पाइप जास्त लांब असेल तर कंपनीच्या हिशोबाने थोडा जास्त.

फोनवरच विचारा, "नायट्रोजन, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आणणार ना?" उत्तर टाळलं तर दुसरा मेकॅनिक बघा. वॉरंटी असेल तर आधी कार्ड वाचा, कारण गॅसची वॉरंटी आणि कॉम्प्रेसरची वॉरंटी बऱ्याचदा वेगवेगळ्या मुदतीची असते. आणि कस्टमर केअरचा नंबर सर्चमधून उचलू नका, कार्डवरून किंवा कंपनीच्या ॲपमधून घ्या. खोट्या नंबरवरून फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर तक्रार करा.

हे मात्र स्वतः करू नका

आजच्या अनेक एसींमध्ये आर-३२ गॅस असतो आणि तो मंदपणे का होईना, पण पेट घेऊ शकतो. काही एसींमध्ये आर-२९० असतो, म्हणजे चक्क प्रोपेन. जुन्या आर-२२ च्या एसीत यातला कुठलाही गॅस भरून घेऊ नका. तो एसी त्यासाठी बनवलेला नसतो. गळतीचा संशय असेल तर खिडक्या उघडा, जवळ काडी किंवा लायटर पेटवू नका. प्रेशर टेस्टसाठी कुणी ऑक्सिजनचा सिलिंडर आणला तर काम तिथेच थांबवा. कॉम्प्रेसरमधलं तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.

थोडक्यात सांगायचं तर

कोड म्हणजे तपास सुरू करायची जागा. गॅस कमी निघाला तर पुढचा प्रश्न एकच, "गेला कुठून?" याचं उत्तर मिळाल्याशिवाय गॅसचे पैसे देऊ नका. घरात आई-बाबा मेकॅनिकला फोन लावत असतील, तर आधी त्यांना हा लेख वाचून दाखवा!